वासोटा: मुक्काम काठावर, चढाई दिवसा

वासोट्याला जायचं ठरलं की बहुतेक गटांमध्ये पहिला प्रश्न येतो, 'गडावर टेंट लावता येतो ना?' नाही लावता येत. वासोटा हा सातारा जिल्ह्यातला किल्ला कोयना अभयारण्याच्या आत आहे. हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. गडावर, वाटेवरच्या जंगलात किंवा पलीकडच्या किनाऱ्यावर रात्र काढायला बंदी आहे. तंबू लावायचा तो कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे बामणोली, शेंबडी, मुनावळे या गावांच्या बाजूला. सकाळी लाँचने पलीकडे जायचं, गड चढायचा, उतरायचा आणि उजेड असताना परत यायचं.

एवढं कळलं तरी लोक चुकतात, कारण ते आखणी चढाईपासून सुरू करतात. या ट्रेकचं वेळापत्रक तुमचे पाय ठरवत नाहीत. ते लाँच आणि वनखात्याची चौकी ठरवते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

## टप्पा 1: महिना आणि वार

पावसाळ्यात हा ट्रेक बंद असतो. पाऊस संपल्यावर वाट उघडते, पण उघडल्या उघडल्या धावत जाऊ नका. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं, ओढ्याचे दगड शेवाळलेले असतात आणि ओलसर पट्ट्यात जळवा पायाला लागतात. शिवाय सातारा–बामणोली रस्ता कास पठारावरून जातो. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी कासच्या गर्दीत अडकलात की रात्रीचा तंबू अंधारात ठोकावा लागतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारीही चालतो. मार्चनंतर गवत वाळून काडी झालेलं असतं, वणव्याची भीती असते आणि वरच्या उघड्या पट्ट्यात ऊन सहन होत नाही. जलाशयाचं पाणीही तोवर बरंच ओसरतं. मग लाँच नेहमीच्या जागेपर्यंत पोचत नाही आणि चढाई सुरू होण्याआधीच तापलेल्या गाळातून जास्तीची पायपीट होते.

वार जमत असेल तर आठवड्याच्या मधला धरा. शनिवार-रविवारी लाँचला आणि नोंदणीला रांग लागते, त्यात सकाळचा सगळ्यात मोलाचा तास जातो. मधल्या वारी मात्र एक अडचण असते: दुसरे गट नसतात, त्यामुळे लाँचचं भाडं वाटून घ्यायला कोणी मिळत नाही.

## टप्पा 2: वेळेचं गणित, शेवटाकडून

कागद घ्या आणि खालून वर लिहा. समजा पलीकडच्या काठावरून संध्याकाळी 5 ला निघायचं आहे. तुमच्या दिवशीची खरी वेळ लाँचवाल्याकडून आणि वनखात्याकडून विचारून घ्या आणि 5 च्या जागी ती धरा.

5 वाजता लाँच. मुरगळलेला पाय, चुकलेला फाटा, बंद पडलेलं इंजिन यांसाठी एक तास राखीव. म्हणजे 4 ला खाली पोचायचं. उतरायला दोन तास धरा, म्हणजे 2 ला माथा सोडायचा. माथा बघायला आणि जेवायला दीड-दोन तास लागतात, म्हणून 12 ते 12:30 च्या दरम्यान वर पोचलेलं असावं. सवय नसलेल्या गटाला चढायला तीन तास लागतात. म्हणजे 9 ते 9:30 ला चढायला सुरुवात. नोंदणी आणि पिशव्यांची तपासणी यात अर्धा तास, लाँचला साधारण दीड तास. हिशेब येतो सकाळी 7 ते 7:30 वर.

एवढ्या लवकर परवानगी किंवा लाँच मिळणार नसेल, तर कापायचा तो माथ्यावरचा वेळ. राखीव तासाला हात लावायचा नाही.

आता त्याच कागदावर मोठ्या अक्षरात माघारीची वेळ लिहा. वरच्या हिशेबात ती 1 वाजता येते. एक वाजले आणि माथा गाठलेला नसला, की जिथे असाल तिथून परत फिरायचं, मग दरवाजा समोर दिसत असला तरी. हा निर्णय घरी बसून, सगळ्यांच्या देखत घ्या. ऐन चढावर, 'आता आलंच की' म्हणणाऱ्या माणसासमोर तो कोणालाच घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशावर चटकन लक्षात येत नाही. चढायची वाट डोंगराच्या पूर्व उतारावर आहे. दुपार कलली की सूर्य गडाच्या मागे जातो आणि झाडीत सूर्यास्ताच्या बराच आधी काळोखी येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो म्हणून सहापर्यंत उजेड धरणारे इथेच फसतात.

सावध: नागेश्वरची गुहा याच दिवसात उरकायचा बेत बहुतेकांच्या अंगलट येतो. ती वाट कड्याच्या धारेने लांब जाते. नागेश्वर करायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, किंवा गट छोटा, तयारीचा आणि वाटाड्यासोबतचा असू द्या.

## टप्पा 3: फोन, परवानगी, लाँच

निघण्याच्या आठवडाभर आधी दोन फोन करा. पहिला मुक्कामाच्या गावातल्या लाँचवाल्याला किंवा जिथे उतरणार त्या घरमालकाला, दुसरा वनखात्याला. विचारायचं एवढंच: त्या दिवशी प्रवेश सुरू आहे का, परवाना कुठे आणि किती वाजता मिळतो, परतीची शेवटची वेळ कोणती, वाटाड्या कुठे भेटेल, आणि माणशी, लाँचमागे, कॅमेऱ्यामागे किती पैसे पडतात. व्याघ्र प्रकल्पात सूचना आणि दर बदलत राहतात. मित्राच्या मागच्या वर्षीच्या आठवणीवर बेत रचू नका.

भाडं बहुधा माणशी नसतं, लाँचमागे असतं. चौघांचा गट असेल तर काठावर दुसरा छोटा गट शोधा. पण जोडी जमवताना एकच विचारा, 'तुम्ही माथा किती वाजता सोडणार?' उत्तर 'बघू' असं आलं तर जास्त पैसे भरून स्वतंत्र लाँच केलेली परवडते. एका लाँचमध्ये आलेल्या सगळ्यांना एकत्रच परतावं लागतं, आणि सगळ्यात उशिरा उतरणारा माणूस तुमचंही वेळापत्रक ठरवतो.

प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र हवं. रोख रक्कम सुट्ट्या नोटांत न्या. काठावर नेटवर्क येतं-जातं, पलीकडे ते धरूच नका, त्यामुळे 'जीपे करतो' हे तिथे चालत नाही.

वाटाड्या घ्या. वाट मळलेली आहे हे खरं, पण वाटाड्याचा उपयोग रस्ता दाखवण्यापेक्षा जास्त असतो. गवा सकाळी कुठे चरतो, कुठल्या कपारीत यंदा मोहोळ बसलंय, कुठला ओढा आटलाय, हे त्याला त्या आठवड्याचं ठाऊक असतं.

तपासा: घरच्या एका माणसाकडे लेखी चिठ्ठी ठेवा: गटातल्यांची नावं, लाँचवाल्याचा नंबर, परतायची वेळ, आणि 'रात्री 8 पर्यंत फोन आला नाही तर याला फोन कर'. 112, रुग्णवाहिकेचा 108 आणि वनखात्याचा मदत क्रमांक 1926 त्याच चिठ्ठीत लिहा.

## टप्पा 4: पिशव्या दोन, एक नव्हे

मुक्कामाचं सामान आणि चढाईचं सामान एकाच सॅकमध्ये भरलं की दोन गोष्टी होतात. एकतर तंबू, स्लीपिंग बॅग सगळं पाठीवर घेऊन गड चढावा लागतो, किंवा सकाळच्या घाईत उपसाउपशी करताना पाण्याची बाटली तंबूत राहून जाते. त्यापेक्षा मोठी सॅक काठावर, घरमालकाकडे. पाठीवर 20-25 लिटरची छोटी सॅक, आणि ती रात्रीच भरून ठेवायची.

छोट्या सॅकमध्ये काय हवं?

- माणशी तीन लिटर पाणी, पुन्हा वापरायच्या बाटल्यांत. गडावर टाकी आहेत, पण त्या पाण्यावर बेत रचू नका, आणि प्यायची वेळ आलीच तर शुद्धीकरणाची गोळी टाकून प्या.
- डब्यातलं जेवण. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, तिळाची पोळी, खजूर. वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. चौकीवर प्लास्टिक तपासतात आणि मोजून घेतात, तेव्हा पाकिटं जितकी कमी तितकी तपासणी लवकर.
- हेडटॉर्च आणि तिचे वेगळे सेल. मोबाइलची टॉर्च ही टॉर्च नव्हे.
- इलॅस्टिक क्रेप बँडेज, ओआरएस, जंतुनाशक, कापूस-पट्टी, स्वतःची रोजची औषधं. कोणाला मधमाशीची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि ते कुठे ठेवलंय हे आणखी दोघांना ठाऊक हवं.
- शिट्टी, सॅकच्या पट्ट्याला बांधलेली.
- एक जाड, मोठी ओढणी किंवा पंचा. मधमाश्या अंगावर आल्या तर तोंड झाकायला याच्याइतकं कामाचं काही नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा हिरवट रंगाचे. बूट जुनेच, तळ झिजलेले नकोत. अत्तर, डिओ, सुगंधी तेल त्या दिवशी लावू नका. याचं कारण आठव्या टप्प्यात आहे. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्या सदस्याला घरूनच सांगा की तो काठावरही चालणार नाही.

## टप्पा 5: काठावरचा मुक्काम

संध्याकाळी 5 च्या आत पोचा. जागा उजेडात निवडायची असते.

नवखे लोक तंबू अगदी पाण्याच्या कडेला लावतात, कारण फोटो तिथला छान येतो. ती जागा तीन कारणांनी वाईट. पाणी ओसरत गेलं की मागे गाळाचा पट्टा उरतो. वरून तो वाळून भेगा पडलेला, टणक दिसतो. टाच दाबून बघितली तर खाली लोण्यासारखा मऊ असतो आणि तंबूचे खुंटे रात्रीतून सैल होतात. दुसरं, पाण्यालगत दव इतकं पडतं की पहाटे तंबूच्या कापडातून थेंब गळतात. तिसरं, रात्री पाण्यावर येणारी जनावरं याच पट्ट्यातून जातात.

काठापासून निदान पन्नास पावलं वर, गावाच्या किंवा घराच्या नजरेत, थोड्या उंचवट्यावर जागा बघा. वर वाळलेली फांदी नको. जमिनीवर खुरांचे ठसे, शेण किंवा गवत दबून पडलेली सरळ रेघ दिसली तर ती जनावरांची वाट आहे, तिथून बाजूला व्हा. वारूळ, दगडांची रास आणि पेंढ्याचा ढीग यांच्याजवळ झोपू नका. उंदीर तिथे असतात आणि उंदरांमागे साप येतात. जागा कुणाच्या शेतातली असेल तर आधी विचारा.

क्रम असा: आधी जमिनीवरचे खडे-काटे वेचा, मग खाली ताडपत्री, मग तंबू. ताडपत्री तंबूच्या बाहेर वीतभरही डोकावू देऊ नका, नाहीतर दवाचं पाणी तिच्यावरून थेट तुमच्या पाठीखाली येतं. वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवा. थंडी वाजेल म्हणून सगळं गच्च बंद केलं तर श्वासाच्या वाफेने आतूनच सगळं ओलं होतं. चेन मात्र प्रत्येक वेळी पूर्ण लावायची, दोन मिनिटांसाठी बाहेर गेलात तरी.

स्वयंपाक घरमालकाकडे सांगा. पिठलं-भाकरी किंवा भात-आमटी आयती मिळते, गावात चार पैसे जातात आणि तुमचा दीड तास वाचतो. शेकोटी हवीच असेल तर मालकाने दाखवलेल्या जागी, त्याने दिलेल्या लाकडांवर, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवायची. जंगलाच्या हद्दीत काडीसुद्धा ओढायची नाही.

खाण्याचं काहीही तंबूत ठेवू नका. अर्धी खाल्लेली चिक्की, सालं, खरकटा डबा, सगळं घरमालकाच्या बंद खोलीत. रात्री तंबूभोवती घुटमळणारं जनावर बहुतेक वेळा गावचं कुत्रं निघतं, पण रानडुक्करही वासावर येतं आणि त्याला कापडाची भिंत अडवत नाही.

शौचाला घरमालकाची किंवा गावातली सोय वापरा. ती नसेलच तर पाण्यापासून निदान सत्तर पावलं दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. ओले वाइप्स पुरायचे नाहीत, पिशवीत परत आणायचे.

सावध: जलाशयात पोहायला उतरू नका. काठ पायऱ्यांसारखा नाही. चार पावलांवर एकदम खोल होतो, तळाशी गाळ आहे आणि बुडालेल्या झाडांची खोडं आहेत. चांगल्या पोहणाऱ्याचाही पाय तिथे अडकतो.

झोपण्याआधी तपासा: छोटी सॅक भरलेली आहे. बूट तंबूच्या आत, तोंडं मोज्यांनी बंद केलेली. टॉर्च उशाशी. रात्री उठलात तर आधी उजेड, मग पाऊल, आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे.

## टप्पा 6: लाँच आणि मेट इंदवली

लाइफ जॅकेट घालून बसा, बुडाखाली घेऊन नव्हे. पहाटे पाण्यावर बोचरा वारा असतो, कानटोपी वर ठेवा. मोबाइल आणि कॅमेरा प्लास्टिकऐवजी कोरड्या कापडी पिशवीत, सॅकच्या मधल्या कप्प्यात.

पलीकडे मेट इंदवलीला उतरलात की वनखात्याच्या चौकीवर नोंद होते. परवाना, ओळखपत्रं, नावं. पिशव्या उघडून बघतात आणि प्लास्टिकची नोंद करतात. नेलेली प्रत्येक वस्तू परत दाखवायची असते. बाटलीच्या झाकणाचं प्लास्टिक गोल कडं तुटून पडलं तरी ते खिशात टाका. इथे हुज्जत घालण्यात वेळ दवडू नका, वेळ तुमचाच जातो.

लाँचवाल्याचा नंबर, त्याच्या लाँचचं नाव किंवा रंग आणि परतीची वेळ गटातल्या प्रत्येकाला पाठ हवी. संध्याकाळी काठावर एकसारख्या लाँच उभ्या असतात.

## टप्पा 7: चढाई

पुढे वाटाड्या, शेवटी गटातला सगळ्यात धीराचा माणूस. शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही, वाटाड्याच्या पुढे कोणी जायचं नाही. मधल्यांनी आपल्या मागचा माणूस दिसतोय ना, एवढंच बघायचं.

सुरुवातीला ओढा आणि त्याच्या आसपास जुन्या मूर्ती लागतात. तिथवर सगळे जोशात असतात. इथेच दम लागेल इतकं भरभर चालणारे वरच्या चढावर बसकण मारतात. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. वाक्य मध्ये तोडावं लागलं की वेग जास्त आहे असं समजा.

झाडी दाट आहे. सकाळी दहा वाजताही खाली पालापाचोळ्यावर कवडसेच पडतात. पाचोळा जाड असतो आणि त्याच्याखाली मुळं, सुटे दगड असतात. पाऊल मुळावर टेकवू नका, ओलं मूळ बुटाला पकड देत नाही. आडवं पडलेलं खोड ओलांडताना आधी पलीकडे बघा, मग पाय टाका. फुरसं, घोणस या विषारी सापांचा रंग त्या पाचोळ्याचाच असतो. आधारासाठी बांबूचा किंवा वेलीचा पाला धरतानाही बघून धरा. हिरवा चापडा साप फांदीवर निवांत बसलेला असतो आणि पानातून वेगळा काढता येत नाही.

थांबे ठरावीक घ्या, दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पाच मिनिटं. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजा. तहान लागायची वाट न बघता दोन घोट पाणी प्या.

मध्यावर नागेश्वरकडे जाणारा फाटा फुटतो. गटाची ताटातूट होते ती इथे. पुढच्यांनी फाट्यावर थांबायचं आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय हलायचं नाही.

झाडी संपून उघडा चढ लागला की टोपी आणि पाणी. पुढे पायऱ्या आणि पडके दरवाजे येतात. घड्याळ बघा. एक वाजलाय का?

सावध: कानात हेडफोन घालून चालायचं नाही. सुक्या पाल्यातली खसफस, माकडांचा अचानक ओरडा, भेकराचं भुंकणं, हेच तुमचं इशारा देणारं यंत्र आहे.

## टप्पा 8: जनावर समोर आलं तर

या जंगलात गवा, सांबर, भेकर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री, रानडुक्कर आहेत. वाघांचाही हा मुलूख आहे. शेकरू दिसण्याची शक्यता बरीच, वाघ दिसण्याची जवळपास नाही. भीती मात्र लोक वाघाची बाळगतात आणि मधमाश्यांकडे लक्ष देत नाहीत. माझ्या मते क्रम उलटा हवा, म्हणून सुरुवात माश्यांपासून.

आग्या मोहोळ. कड्यांच्या कपारीत आणि उंच झाडांवर असतं. धूर, तीव्र वास, आरडाओरडा आणि दगड यांनी माश्या उठतात. विडी-सिगारेट बंद, एको काढायला बोंबा मारणं बंद. एक-दोन माश्या डोक्याभोवती घोंगावू लागल्या तर हात झटकू नका, शांतपणे मागे फिरा. पोळंच उठलं तर पंचाने तोंड-मान झाका आणि आल्या वाटेने शक्य तितकं लांब, न थांबता जा. कड्याच्या दिशेने धावू नका. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर वाट बघतात. सुटल्यावर नांग्या नखाने किंवा कार्डाने खरवडून लवकर काढा. अनेक डंख बसले, श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर ट्रेक तिथेच संपला. औषध द्या आणि माणसाला खाली न्या.

गवा. लांबून तो गोठ्यातल्या रेड्यासारखा शांत दिसतो आणि म्हणूनच लोक मोबाइल काढून पुढे सरकतात. एकटा नर आणि वासरू असलेली गाय यांच्यापासून जास्त अंतर ठेवा. तो मान वर करून बघत असेल तर थांबा. फुरफुरला, आडवा उभा राहून अंग दाखवू लागला किंवा डोकं खाली घातलं, तर तुम्ही आधीच जास्त जवळ आहात. तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे या, मध्ये जाड झाड येईल असं बघा. वाट त्याची आहे, तो निघून जाईपर्यंत वीस मिनिटं थांबावं लागलं तर थांबा. राखीव तास याचसाठी ठेवलाय.

अस्वल. त्याला ऐकू-दिसू येतं, पण मुळं उकरण्यात किंवा वारुळात तोंड घातलेलं असताना ते भान हरपून असतं, आणि दचकलं की अंगावर येतं. वळणावर आणि दाट झुडपात साध्या आवाजात बोलत चाला, म्हणजे त्याला आधी कळतं. दिसलं तर पळू नका, झाडावर चढू नका. ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. मागे सरका. धरलंच तर पोटावर पडून दोन्ही हातांनी मानेमागचा भाग झाका, सॅक पाठीवर असू द्या.

बिबट्या. पाठ दाखवायची नाही, वाकायचं नाही, बसायचं नाही. गट एकत्र करा, लहान मुलांना मध्ये घ्या, हात वर करून मोठे दिसा, खड्या आवाजात बोला आणि मागे हटा. शिकारीवर बसलेला किंवा पिल्लासोबतचा असेल तर आवाजही नको, फक्त अंतर.

साप. दिसला तर दोन पावलं मागे आणि वाट बघा. काठीने हलवायचा नाही. चावलाच तर आवळपट्टी बांधणं, कापणं, चोखणं, जडीबुटी यातलं काहीही करू नका. माणसाला आडवं करा, अंगठी-घड्याळ-कडं काढा, चावलेला अवयव काठीच्या आधाराने न हलेल असा सैल बांधा, वेळ लिहून ठेवा. त्याला चालवू नका, आळीपाळीने उचला. एकाने पुढे जाऊन चौकीवर सांगायचं म्हणजे लाँच तयार राहते. पलीकडे पोचेपर्यंत 108 ला कळवलेलं असावं. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय हा पक्का पत्ता. साप मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नका.

माकडं. खाणं दाखवू नका, देऊ नका. एवढंच.

## टप्पा 9: माथ्यावर

आधी सावलीत बसून खा, मग फिरा. मारुती, महादेवाचं मंदिर, टाकी, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा, काळकाईचं ठाणं हे दीड तासात होतं. काळकाईच्या माचीवरून जलाशय दिसतो. बाबूकडा बघायला जाताना घाई करू नका. समोर जुना वासोटा हा डोंगर आणि मध्ये खोल दरी, सगळे थेट कडेकडे ओढले जातात. कडेला वाळलेलं गवत निसरडं असतं आणि माती भुसभुशीत. वारा असेल तर कडेपासून दोन माणसांच्या उंचीएवढं लांब बसा. सेल्फी काढताना पाठ दरीकडे करायची नाही. फोटो दुसऱ्याने काढायचा, काढणारा आणि उभा राहणारा दोघांनी आधी पाय रोवायचे आणि मग हलायचं नाही.

मंदिरातही अगरबत्ती-धूप लावू नका. मोहोळ लांब वाटतं, धूर लांब जातो.

तपासा: निघताना बसलेल्या जागेवर एकदा नजर फिरवा. पाणी माणशी निदान पाऊण लिटर उरलंय का? 2 वाजलेत?

## टप्पा 10: उतरणं आणि काठ

बहुतेक घसरणं उतरताना होतं. नाडी पुन्हा आवळा, विशेषतः घोट्याशी, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं. पळत उतरणारा माणूस सुटे दगड खाली सोडतो आणि ते त्याच्याच मित्राच्या पायावर येतात.

कोणाचा गुडघा दुखू लागला तर त्याला पुढे आणा आणि त्याच्या वेगाने सगळे चाला. ओझं वाटून घ्या. झाडीत शिरलात की अंधाराची वाट न बघता टॉर्च वर काढून ठेवा.

चौकीवर परतीची नोंद विसरू नका. प्लास्टिक मोजून दाखवा, अनामत ठेवली असेल तर परत घ्या. डोकी पुन्हा एकदा मोजा आणि मगच लाँचमध्ये बसा. कोणी मागे राहिलंय असं वाटलं तर स्वतः शोधायला पळू नका, आधी चौकीवर सांगा.

अलीकडच्या काठावर नेटवर्क मिळालं की पहिला फोन चिठ्ठीवाल्याला. थकलेल्या चालकाने रात्री कासचा घाट उतरू नये. त्यापेक्षा दुसरी रात्र काठावरच काढा.

घरी आल्यावर कपडे थेट धुवायला टाका आणि अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत गोचीड आहे का बघा. सापडलं तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. काडीने चटका देऊ नका, रॉकेल लावू नका. पुढच्या तीन आठवड्यांत ताप, कडक डोकेदुखी, अंगावर पुरळ किंवा चावलेल्या जागी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना लक्षणांच्या आधी एवढं सांगा, की तुम्ही जंगलात गेला होतात आणि कोणत्या तारखेला.